रिकामं डोकं किती साखर जाळतं?

ऑगस्ट १९७६. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ब्रूकहेवन नावाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तिथून एक कुपी विमानाने फिलाडेल्फियाला निघाली. कुपीत साखर होती, म्हणजे साखरेचं एक सोंग. तिच्या रेणूंना फ्लोरिनचे किरणोत्सारी अणू चिकटवलेले होते आणि या अणूंना थांबायला वेळ नव्हता. दर ११० मिनिटांनी त्यांची संख्या निम्मी होत होती. विमानाला उशीर झाला असता, तर फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांच्या हाती नुसतं पाणी पडल्यासारखंच झालं असतं.

उशीर झाला नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन रायविच, डेव्हिड कूल आणि मूळचे इराणचे अब्बास अलावी वाट पाहत होते. दोन निरोगी स्वयंसेवकांना ती टोचली गेली, आणि जिवंत माणसाचा मेंदू ही साखर कुठे जास्त घेतो, कुठे कमी, याचं चित्र उमटलं. आजच्या मानाने ते चित्र फारच धूसर होतं. आज कर्करोगाच्या रुग्णांना 'पेट स्कॅन' करायला सांगतात, तेव्हा टोचतात ती हीच साखर, फ्लोरोडिऑक्सिग्लुकोज, एफडीजी. पण तिचा जन्म मेंदूसाठी झालेला होता, हे सहसा कुणी सांगत नाही.

तिची करामत अशी. ग्लुकोजच्या रेणूतला एक ठरावीक ऑक्सिजन काढून टाकला, तरी पेशीचं दार त्याला ग्लुकोज समजून आत घेतं. आतलं पहिलं विकरही फसतं आणि त्याला फॉस्फेटची जोड देतं. दुसऱ्या पायरीवर मात्र तो काढलेला ऑक्सिजन लागतो. तो नाही, म्हणून पुढे जाता येत नाही. फॉस्फेट लागल्यामुळे सहजी बाहेरही पडता येत नाही. रेणू पेशीतच साचत राहतो. जी पेशी जास्त भुकेली, तिच्यात जास्त साचतो. बेथेस्डाच्या लुई सोकोलोफने उंदरांच्या मेंदूवर ही युक्ती किरणोत्सारी कार्बन वापरून सिद्ध केली. मग ब्रूकहेवनच्या आल्फ्रेड वुल्फ, जोआना फाउलर आणि जपानहून आलेले तात्सुओ इदो यांनी कार्बनच्या जागी फ्लोरिन बसवला, कारण त्याचा प्रकाश कवटीबाहेरून टिपता येतो.

हे सगळं अल्झायमरच्या गोष्टीत इतकं महत्त्वाचं का, ते कळायला आणखी सत्तर वर्षं मागे जायला हवं. १९०६च्या नोव्हेंबरात ट्युबिंगन इथल्या सभेत अलोइस अल्झायमरने एका बाईच्या मेंदूबद्दल सांगितलं. ऑगस्ट डेटर तिचं नाव. फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात १९०१ साली ती दाखल झाली, तेव्हा पन्नाशी नुकतीच ओलांडलेली होती. तिच्या मृत्यूनंतर अल्झायमरने मेंदूचे पातळ काप चांदीच्या क्षारांनी रंगवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन गोष्टी दिसल्या: पेशींच्या मधल्या जागेत साचलेली किटणं आणि पेशींच्या आत पडलेल्या गाठी. आज आपण त्यांना ॲमिलॉइड आणि टाऊ या प्रथिनांच्या नावाने ओळखतो. त्यानंतरचं जवळजवळ सगळं संशोधन या दोघांच्या मागे धावलं, आणि ते साहजिकही होतं, कारण ती दिसत होती. ऊर्जा दिसत नाही. मेलेल्या मेंदूच्या कापावर कुठलाही रंग ओता, काल ही पेशी किती साखर जाळत होती ते तो सांगणार नाही. त्यासाठी माणूस जिवंत लागतो.

आणि जिवंत मेंदू हे काय खर्चिक प्रकरण आहे! वजन शरीराच्या २ टक्के, पण आपण स्वस्थ पडलेले असताना शरीर जेवढी ऊर्जा वापरतं तिच्यातला सुमारे २० टक्के वाटा त्याचा. विजेच्या भाषेत २० वॅट, म्हणजे एलईडी येण्याआधी शून्याच्या बल्बच्या थोडा वर जो बल्ब मिळायचा, तेवढा. दिवसाला १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज. आणि साठा? जवळजवळ काहीच नाही. यकृतात ग्लायकोजेन असतं, स्नायूंत असतं, चरबीचं कोठार तर बऱ्याच जणांच्या कमरेला दिसतंच. मेंदूत मात्र हातावर पोट. रक्त थांबलं की साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपते.

ही ऊर्जा जाते कुठे? मुख्यतः पंपांवर. चेतापेशीत संदेश धावतो, तेव्हा सोडियमचे आयन आत घुसतात. त्यांना पुन्हा बाहेर उपसून काढल्याशिवाय पुढचा संदेश पाठवता येत नाही. पेशीच्या आवरणातले सूक्ष्म पंप हे उपसण्याचं काम अहोरात्र करत असतात. एका मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी, आणि प्रत्येकीच्या हजारो जोडण्या. विचार करण्याचा खर्च म्हणतात, तो खरं तर विचारानंतरच्या आवराआवरीचा खर्च आहे.

मग आपण डोकं चालवलं तर हा खर्च वाढत असेल, असं कुणालाही वाटेल. सोकोलोफलाही १९५५च्या सुमारास वाटलं होतं. सेमूर केटीने त्याआधी एक पद्धत काढली होती: माणसाला थोडा नायट्रस ऑक्साइड हुंगायला द्यायचा, मेंदूत जाणाऱ्या आणि मेंदूतून येणाऱ्या रक्तात तो किती आहे ते मोजायचं, आणि त्यावरून मेंदूतला रक्तप्रवाह व ऑक्सिजनचा वापर काढायचा. तीच पद्धत वापरून लोकांना तोंडी गणितं सोडवायला लावली. एकूण वापरात काही फरकच पडला नाही. गणित करणारा मेंदू आणि छताकडे बघत पडलेला मेंदू, दोघांचं बिल सारखंच. (दहावीच्या वर्षात 'डोक्याला खुराक' म्हणून मुलांना बदाम, शिरा भरवणाऱ्या घरांनी या निकालाचा विचार करायला हरकत नाही.)

या कोड्याचा उलगडा व्हायला जवळजवळ अर्धं शतक लागलं. सेंट लुइसच्या मार्कस रायकल यांच्या लक्षात आलं, की मेंदूचे काही भाग आपण एखादं काम हातात घेतलं की उजळण्याऐवजी मंदावतात, आणि काम सोडून नुसते बसलो की पुन्हा पेटतात. २००१ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी या स्थितीला मेंदूची 'डिफॉल्ट' अवस्था म्हटलं. डोक्याच्या मागच्या बाजूला, दोन्ही अर्धगोल जिथे एकमेकांना भिडतात त्या आतल्या भिंतीवर, पोस्टेरियर सिंग्युलेट आणि प्रिक्युनियस नावाचे भाग आहेत. बाजूला कानशिलाच्या वरचा आणि मागचा भाग आहे, पुढे कपाळामागचा काही भाग. नुसते बसलेले असताना आपण काय करतो? काल कोण काय म्हणालं ते आठवतो, उद्या कुणाकडे जायचंय ते ठरवतो, लहानपणच्या वाड्यातून मनातल्या मनात फिरून येतो. हे भाग तेव्हा कामात असतात. आपण ज्याला रिकामं बसणं म्हणतो, ते मेंदूतल्या सर्वांत महागड्या कामांपैकी एक आहे. हातातल्या कामाने मेंदूच्या एकूण खर्चात पडणारी भर ५ टक्क्यांहूनही कमी.

आता मेंदूचा एफडीजी स्कॅन कसा होतो ते बघा. रुग्णाने चार-सहा तास काही खायचं नाही. मग साखर टोचतात आणि त्याला मंद उजेडाच्या खोलीत बसवतात. बोलायचं नाही, वाचायचं नाही, मोबाइल तर नाहीच. मोबाइल बघितला तर डोक्याच्या पार मागचा दृष्टीचा भाग उगाच उजळेल आणि चित्र बिघडेल. म्हणजे यंत्र ज्याचा फोटो काढतं, तो असतो काहीही न करणारा मेंदू. आणि निरोगी माणसाच्या फोटोत सगळ्यांत लख्ख दिसणाऱ्या जागांमध्ये असतो तोच पोस्टेरियर सिंग्युलेट. आपल्याकडे या साखरेची सोय २००२ साली झाली. परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, तिथे देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन बसला. ११० मिनिटांचं घड्याळ आणि मुंबईचे रस्ते यांचा मेळ घालणारे लोक माझ्या मते वेगळ्या कौतुकाला पात्र आहेत.

अल्झायमरच्या रुग्णाच्या फोटोत नेमका तो लख्ख भाग मंदावलेला असतो. मंदावण्याचा नकाशा ठरलेला: पोस्टेरियर सिंग्युलेट, प्रिक्युनियस, कानशिलाच्या वरचा आणि मागचा भाग; आजार वाढला की कपाळामागचा भागही. हालचालींचा पट्टा, दृष्टीचा मूळ भाग, लहान मेंदू यांचा उजेड मात्र बराच काळ टिकून राहतो. म्हणून तर घरच्यांना चकवा लागतो. आजोबा खडखडीत चालतात, दिसतं व्यवस्थित, हात कापत नाही, सही झोकात करतात. पण सकाळी जेवलो का, हे सांगता येत नाही आणि ओळखीच्या गल्लीत उलट्या दिशेने वळतात. १९९७ साली सातोशी मिनोशिमा यांनी दाखवलं, की पोस्टेरियर सिंग्युलेटमधली घट आजाराच्या अगदी सुरुवातीलाच दिसते.

त्याच्या आदल्याच वर्षी ॲरिझोनाच्या एरिक रायमन यांचा शोधनिबंध आला होता. त्यांनी घेतलेली माणसं पन्नास ते पासष्ट वयाची आणि स्मरणशक्ती अगदी ठणठणीत असलेली होती. फक्त आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा 'एपीओई ४' या जनुकप्रकाराच्या दोन प्रती त्यांच्याकडे होत्या, आणि तो असणाऱ्यांना पुढे अल्झायमर होण्याची शक्यता बरीच जास्त असते. त्यांच्या मेंदूचा नकाशा त्याच जागी मंद निघाला. २००४ साली त्यांनी आणखी धाडस केलं. या वेळी वीस ते एकोणचाळीस वयाची तरुण मंडळी, जनुकाची एकच प्रत. तिथेही तीच छाया, फिकट, पण त्याच जागी. विसरायला सुरुवात होण्याच्या कित्येक दशकं आधी! हे वाचताना अंगावर शहारा येतो, आणि लगेच सावधही व्हावं लागतं: हा छोट्या गटांच्या सरासरीतून बोलणारा आकडा आहे. एका माणसाचं भविष्य तो सांगत नाही, आणि हे जनुक असूनही आयुष्यभर चांगली आठवण राहिलेली माणसं भरपूर आहेत.

पण नेमक्या याच जागा का? २०१० साली रायकल यांच्या गटाने याचं एक उत्तर पुढे ठेवलं. साखर जाळण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक पूर्ण: ग्लुकोज आधी अर्धवट तोडायचं आणि मग तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकाँड्रियांत, ऑक्सिजनसोबत शेवटच्या कणापर्यंत वापरायचं. दुसरी घाईची: पहिल्या टप्प्यावरच थांबायचं, ऑक्सिजन हाताशी असला तरी. यात ऊर्जा फार कमी मिळते, पण पटकन मिळते, आणि उरलेल्या तुकड्यांपासून नव्या जोडण्यांसाठी लागणारा माल तयार करता येतो. लहान मुलांच्या, नवं नवं शिकणाऱ्या मेंदूत ही दुसरी तऱ्हा जोरात असते. मोठ्यांच्या मेंदूत ती जिथे टिकून राहते, त्या जागा म्हणजे पुन्हा डिफॉल्ट भागच. या घाईच्या जळणाचा नकाशा आणि अल्झायमर रुग्णांत ॲमिलॉइड साचण्याचा नकाशा रायकल यांच्या गटाने शेजारी शेजारी ठेवला. दोन्ही विलक्षण जुळत होते. उंदरांवरच्या प्रयोगांतून हेही कळलं होतं, की चेतापेशींच्या जोडण्या जितक्या जास्त काम करतात तितकं ॲमिलॉइड पेशींबाहेर जास्त सुटतं. म्हणजे आयुष्यभर ज्या जागा आपल्यासाठी सर्वांत जास्त राबल्या, आठवणींत रमल्या, स्वप्नं रंगवली, त्याच आधी खचतात असं दिसतं. याला अन्याय म्हणायचं की हिशेब, मला ठरवता आलेलं नाही.

इथे शास्त्रज्ञांत जुना वाद आहे. उजेड कमी झाला, कारण पेशी मेल्या. मेलेल्या घरात चूल कशी पेटणार, असं एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो, आधी चूल मंदावली, मग घर खचलं. मेंदू आकसल्याचा हिशेब वजा करूनही साखरेची तूट उरते, आणि ती आकसण्याच्या आधीपासून दिसते, हा दुसऱ्या पक्षाचा मुद्दा. मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत रक्तवाहिन्यांच्या भिंतीतली आणि चेतापेशींवरची ग्लुकोजची दारं, ग्लुट-१ आणि ग्लुट-३, कमी झालेली आढळली आहेत. तंतुकणिकांतलं ऑक्सिजन वापरणारं शेवटचं विकरही थकलेलं आढळलं. कॅन्ससचे रसेल स्वर्डलो तर २००४पासून म्हणत आहेत, की उतारवयातल्या अल्झायमरचं मूळच तंतुकणिकांत आहे. बहुधा खरी गोष्ट गोल फिरणारी असावी: ॲमिलॉइडने जळण अडतं, जळण अडलं की कचरा साफ होत नाही, कचऱ्याने आणखी अडतं.

या वादात माझ्या मते सगळ्यांत सुंदर पुरावा उपाशी माणसांकडून आला. १९६७ साली बॉस्टनमध्ये जॉर्ज काहिल आणि ऑलिव्हर ओवेन यांनी वजन उतरवण्यासाठी पाच-सहा आठवडे उपवास करणाऱ्या लठ्ठ रुग्णांच्या मेंदूतून येणारं रक्त तपासलं. तोवर पुस्तकात लिहिलेलं होतं, की मेंदूला ग्लुकोजशिवाय काही चालत नाही. प्रत्यक्षात त्यांच्या मेंदूंची निम्म्याहून जास्त ऊर्जा किटोनांतून येत होती. किटोन म्हणजे चरबी तोडून यकृताने बनवलेलं इंधन. आपल्या पूर्वजांनी दुष्काळ काढले ते या पर्यायावर. (आपली आषाढी एकादशी या यादीत येत नाही. साबुदाण्याच्या खिचडीने आणि रताळ्याच्या किसाने रक्तात इतकं ग्लुकोज येतं, की यकृताला किटोन करण्याचं कारणच उरत नाही. निर्जळीवाल्यांची गोष्ट वेगळी.)

कॅनडात शेरब्रुकच्या स्टीफन कुनान यांनी मग एक साधा प्रश्न विचारला. अल्झायमरचा मेंदू ग्लुकोज कमी घेतो; किटोनही कमी घेतो का? एकाच माणसाचे दोन स्कॅन, एक खुणेच्या ग्लुकोजचा, दुसरा खुणेच्या किटोनचा. ग्लुकोजचा नकाशा नेहमीसारखा मंद. किटोनचा जवळजवळ निरोगी माणसासारखा! म्हणजे त्या पेशी मेलेल्या नव्हत्या. रक्तात जितके किटोन मिळतील तितके त्या घेत होत्या. अडलं होतं ते साखरेच्या वाटेवर. पुढे कुनान यांच्या गटाने सौम्य विस्मरण असलेल्यांना सहा महिने रोज ३० ग्रॅम विशिष्ट, मध्यम लांबीची स्निग्धाम्लं पाजली. मेंदूत जाणारे किटोन दुपटीहून वाढले, आणि स्मरण व भाषेच्या काही चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली. गट मात्र छोटा होता, आणि अशाच तत्त्वावरच्या एका मोठ्या औषधचाचणीत, जिथे आजार आधीच स्थिरावलेला होता, काही हाती लागलं नाही.

ही स्निग्धाम्लं खोबऱ्यातून काढतात, म्हणून 'खोबरेल तेलाने अल्झायमर बरा' अशा निरोपांची कोकणापासून कॅलिफोर्नियापर्यंत देवाणघेवाण चालते. खोबरेलात ती उपयोगाची आठ आणि दहा कार्बनांची आम्लं थोडीच असतात. निम्म्याच्या आसपास असतं लॉरिक आम्ल, ज्यातून किटोन फारसे बनत नाहीत. तेव्हा सोलकढी आवडते म्हणून प्या.

मधुमेहाबद्दलही असंच. ऱ्होड आयलंडच्या सुझान डी ला मॉन्ट यांनी २००५ साली अल्झायमरला 'तिसऱ्या प्रकारचा मधुमेह' म्हटलं आणि ते नाव लोकांना फार आवडलं. मधुमेहींना उतारवयात स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त असतो, हे खरं आहे, आणि घरोघरी ग्लुकोमीटर असलेल्या आपल्या समाजाने ते गंभीरपणे घ्यावं इतकं खरं आहे. पण चेतापेशींचं ग्लुकोजचं मुख्य दार इन्शुलिनच्या किल्लीने उघडत नाही. नाकातून इन्शुलिन देण्याच्या मोठ्या चाचणीने २०२० साली निराशाच केली. वजन आणि साखर दोन्ही उतरवणाऱ्या गाजलेल्या सेमाग्लुटाइडनेही २०२५ साली, सुरुवातीच्या अल्झायमरचा वेग कमी करण्याच्या दोन मोठ्या चाचण्यांत, हात टेकले. नाव सोपं असलं की रोगही सोपा होतो, असं नाही.

मग वाट नेमकी कुठे अडते? एवढा वेळ मी चेतापेशींबद्दलच बोललो, आणि हीच चूक संशोधनही बराच काळ करत होतं. मेंदूत ॲस्ट्रोसाइट नावाच्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशी असतात. त्यांचा एक पाय रक्तवाहिनीला लगटलेला, दुसरा चेतापेशींच्या जोडण्यांना. १९९४ साली स्वित्झर्लंडमध्ये ल्यूक पेलेरिन आणि पिएर माजिस्त्रेत्ती यांनी मांडलं, की ॲस्ट्रोसाइट रक्तातून ग्लुकोज घेतात, अर्धवट तोडून त्याचं लॅक्टेट करतात आणि ते चेतापेशीला देतात. गिरणगावातली खानावळ आठवा. कामगार पाळी सोडून धान्य आणायला, दळायला, चूल फुंकायला जात नसे. खानावळवाल्या बाया शिधा आणून शिजवून ठेवत आणि तो येऊन जेवून पुन्हा मागावर उभा राहत असे. चेतापेशी किती जेवते खानावळीत आणि किती स्वतः शिजवते, यावर तज्ज्ञ अजून भांडतात. पण खानावळ आहे, यावर फारसं भांडण उरलेलं नाही. २०१७ साली तर एदुआर्दो झिमर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की एफडीजी स्कॅनमध्ये दिसणाऱ्या उजेडाचा मोठा भाग ॲस्ट्रोसाइटांचाच असतो. चाळीस वर्षं आपण ज्याला चेतापेशींची भूक समजत होतो, ते बऱ्याच अंशी खानावळीच्या चुलीचं तेज होतं.

ऑगस्ट २०२४मध्ये 'सायन्स'मध्ये स्टॅनफर्डच्या कॅटरिन अँड्रीसन यांच्या गटाचा निबंध आला. ॲमिलॉइड आणि टाऊ या दोघांमुळेही ॲस्ट्रोसाइटांत आयडीओ-१ नावाचं विकर वाढतं. ते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून कायन्युरेनिन बनवतं, आणि कायन्युरेनिन ॲस्ट्रोसाइटाची साखर तोडण्याची यंत्रणा दाबून टाकतं. लॅक्टेट कमी पडतं, चेतापेशी उपाशी राहतात. उंदरांत हे विकर औषधाने रोखल्यावर लॅक्टेट पुन्हा वाहू लागलं आणि चक्रव्यूहातली वाट त्यांना पुन्हा आठवू लागली. विशेष म्हणजे ॲमिलॉइडचे उंदीर वेगळे, टाऊचे वेगळे. फायदा दोघांनाही झाला. अल्झायमर झालेल्या माणसांच्या पेशींपासून बशीत वाढवलेल्या ॲस्ट्रोसाइटांनीही शेजारच्या चेतापेशींना पुन्हा खाऊ घालायला सुरुवात केली.

आयडीओ-१ रोखणारी औषधं नवी नाहीत. ती कर्करोगासाठी बनवलेली होती, कारण काही गाठी हेच विकर वापरून शरीराच्या पहारेकऱ्यांना झोपवतात. २०१८ साली मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगावरच्या मोठ्या चाचणीत त्यांतलं एक सपशेल पडलं, आणि औषध कंपन्यांनी या गटातला रस बराच आवरता घेतला. माणसांना ती देऊन झालेली आहेत, मात्रा आणि दुष्परिणामांची माहिती बरीच जमलेली आहे. मेंदूत पुरेशी पोहोचतील अशी त्यांतली कोणती, आणि ती माणसाच्या अल्झायमरवर चालतील का, हे आता प्रत्यक्ष चाचण्यांनीच ठरवायचं आहे.